शेवया माझ्या, नाव भुजण्याचं

शेवया कुणी गाळल्या, असं जेवून उठताना कुणी विचारत नाही. भाजी कुणी केली, चटणीत काय घातलं होतं, लोणचं कुठल्या आंब्याचं, हे सगळं विचारतात. शेवया पानात असतातच, पाट आणि तांब्या असतो तशा. हे मला सासरी आल्यावर एक-दोन वर्षांत कळलं, आणि कळल्यापासून ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमचं घर रेवदंड्याला. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की खाडी. मुंबईची आगबोट तेव्हा बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीनं तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्याच्या तोंडाला बोटी बंद होत. मी सांगते ते तीस सालानंतरचं, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. माझे दीर मुंबईला एका कचेरीत कारकून होते. ते आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, मे महिन्यात घरी यायची आणि बोटी बंद व्हायच्या आत परत जायची.

घरातलं कुणी बोटीनं जायचं असलं की आमच्याकडे आदल्या दिवशी शेवयांचं जेवण व्हायचं. शेवया तांदळाच्या, त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. साच्यातून पडलेलं पहिलं वेटोळं जाणाऱ्या माणसाच्या पानात वाढायचं, अख्खं, मोडू न देता. कुणी सुरू केलं देव जाणे, पण माझ्या सासूबाईंनी ते कधी चुकवलं नव्हतं.

सासूबाईंना मी आई म्हणायची. सगळ्या सुना म्हणतात तसं नव्हे. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. माहेरी काकूच्या हाताखाली वाढले, आणि काकू ही काकूच होती. ‘आई’ ही हाक मी पहिल्यांदा मारली ती सासरी, लुगड्याचा काष्टा नीट घालता येत नव्हता त्या वयात. तेव्हा माझी ही एकच आई. धाकटीला एक आई गिरगावात होती, चांगली धडधाकट, दर रविवारी लेकीला भेटायला येणारी. तरी तीही माझ्या आईंना आई म्हणायची, आणि माझ्यापेक्षा गोड म्हणायची. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवया गाळायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे त्या साच्याला शेवगा म्हणतात. जड लाकडी घोडा, मधे भोकाभोकांच्या पितळी चकतीचं नळकांडं, वरून दट्ट्या आणि दट्ट्यावर हातभर लांब दांडा. तांदळाच्या उकडीचे उंडे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम उंडा नळकांड्यात घालायचा आणि एकानं दांड्यावर सगळा भार टाकायचा. दुसऱ्यानं खाली ताट धरून ते फिरवत राहायचं, म्हणजे शेवया वेटोळ्यानं पडतात. उंडा निवला की संपलं. मग रेड्यानं दाबला तरी उतरत नाही.

मी उंच, हाडापेरानं मोठी. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, पोरगी नव्हे, डोलकाठी आणली. त्यामुळे दांडा माझ्याकडे आला तो कायमचा. समोर ताट फिरवायला आई बसायच्या. पुढे धाकटी आली. ती चिमणीएवढी. तिला दांड्याला लावायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही. आई म्हणाल्या, “तू आपलं तोंडी लावायला काय ते बघ.”

तिनं बघितलं. पहिल्याच वर्षी कोलंबीचं भुजणं केलं. कोलंबी, बटाटे, हिरवं वाटण, कच्चं तेल, सगळं एकत्र कालवून पातेल्यावर झाकण ठेवलं आणि स्वतः पदरानं वारा घेत बसली. फोडणी नाही, परतणं नाही, घाम नाही. सासरे गेल्यापासून आई मासळी खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या पातेलीत नुसत्या बटाट्याचं केलं. ते तिला सुचलं याचाच मला जास्त राग आला. मी त्या घरात आठ पावसाळे काढलेले, आणि आईंच्या पानाचा विचार केला तो काल आलेलीनं.

मग वर्षभर भुजणं. मी कधी बटाट्याची भाजी केली की आई म्हणायच्या, “धाकटीच्या भुजण्याची चव वेगळीच हो.” शेजारीण आली की तिला भुजणं सांगायच्या. भाद्रपदात पुढच्या मेची आठवण काढायच्या. माझ्या शेवया त्याच जेवणात होत्या. परातभर गाळल्या होत्या मी, दंड दोन दिवस वर होत नव्हते. मी यांच्याजवळ एकदा बोलले. हे वाडीचा हिशेब आणि पानसुपारी यांच्यापलीकडे न जाणारे. म्हणाले, “शेवया चांगल्याच असतात तुझ्या.” असतात. म्हणजे पुन्हा पाट आणि तांब्या.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण त्या वर्षी मे महिन्यात वेगळंच कानावर आलं. आमच्याकडे एक कोळीण मासळी घेऊन यायची, तिचा मुलगा माणसांना होडीनं आगबोटीपर्यंत पोचवायचा. टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, “म्हातारी बी जातंय नं ममईला? पोरगा सांगत व्हता, धाकल्या सायबांनी तीन मानसांची जागा सांगितलीय.”

दीर आणि जाऊ दोनच माणसं. तिसरं कोण, ते मला सांगायला लागलं नाही. हातातला बोंबील मी तसाच टोपलीत टाकला.

संध्याकाळी यांना विचारलं. हे म्हणाले, “तो म्हणतोय खरा. त्याच्या बायकोला दिवसभर खोलीत एकटीला करमत नाही, आईला चार-सहा महिने ने म्हणते. आईनं अजून हो-नाही केलं नाही. तिचं तिला ठरवू दे.”

चार-सहा महिने म्हणे. एकदा बोटी बंद झाल्या की दिवाळीपर्यंत कोण आणतंय, आणि दिवाळीला सूनबाई गोड बोलली की होळी. मला सगळं दिसत होतं. आईंच्या मागे तिची भुणभुण मला ऐकूही येत होती. आई, मुंबईला नळाचं पाणी, विहिरीवर जायला नको. आई, मी तुमचे पाय चेपीन. आई, तुमच्यासाठी रोज भुजणं करीन. हे शेवटचं तिनं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. आई हसल्या आणि म्हणाल्या, “बघू गो.”

बघू. म्हणजे अजून काट्यावर होतं. आणि काटा माझ्याकडे झुकवायचा असेल तर तो भुजण्याच्या पातेल्यातच झुकणार, असं माझ्या मनानं घेतलं. हे वेड होतं असं कुणी म्हणेल. पण बाईमाणसाला दुसरं हत्यार तरी कुठलं? मी काही मुंबईचा नळ रेवदंड्याला आणू शकत नव्हते.

तेव्हा तोंडी लावायला काय करायचं, याच्यावर मी चार दिवस घालवले. उठता-बसता तोच विचार. पापड-कुरड्या आईंना दातांमुळे चालत नव्हत्या. लोणचं झालं तरी आंबट, ते नारळाच्या रसाला लागलं की रस फाटल्यासारखा होतो. वांगं त्या खात नसत. फणसाची भाजी मला बरी वाटली, पण ती धाकटीलाही येते, आणि ती लगेच म्हणाली असती, आमच्याकडे यात हे घालतात. केळफूल सोलून ठेवलं आणि पुन्हा वाडीत टाकून आले. भुजण्याचं खरं व्यंग मला तेव्हा सापडलं. ते पातळ होतं. पानात वाढलं की पळतं, रसात शिरतं आणि गुळाच्या रसाला हिरव्या मिरचीचा वास लावतं. वर्षभर मी स्तुती ऐकली, पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्या आली, कारण मी त्याच्यावर जळत होते. जळणाऱ्या माणसाला बारीकसारीक फार दिसतं.

मग मला वाल आठवले. आमचे कडवे वाल. गुळाच्या रसाशेजारी किंचित कडू, म्हणजे घासागणिक जीभ पुन्हा गोडाला तयार. अंगासरसं शिजवलं तर पळत नाही. मऊ, दाताशिवाय खाता येतं. मासळीचा प्रश्नच नाही, सगळ्यांना एकच. आणि मुंबईच्या खोलीत, एका शेगडीवर, धाकटीच्यानं कधी व्हायचं नाही, कारण वालाच्या बिरड्याला चिकाटी लागते आणि ती तिच्याकडे औषधालाही नव्हती.

वाल भिजवले, फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले, मोड आल्यावर कोमट पाण्यात घालून एकेक सोलून डाळिंब्या काढल्या. सोलताना धाकटी आली, पाटावर टेकली. “वहिनी, एवढं कशाला हो? भुजणं करतेच आहे मी.”

“भुजणं कर ना पुरुषांना,” मी म्हटलं, “पण या वर्षी माझा खांदा धरलाय. दांडा तुला घ्यावा लागेल.”

खांदा काही धरला नव्हता. पण चुलीपाशी एकच बाई बसू शकते, आणि या खेपेला ती मी असणार होते. मला वाटलं होतं ती कुरकुरेल. ती म्हणाली, “गाळते की. त्यात काय?” त्यात काय, असं तिनं म्हटलं. माझ्या इतक्या वर्षांच्या दंडांवर तिनं दोन शब्दांत पाणी ओतलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी चूल धरली. तेलात हिंग-हळद टाकली, डाळिंब्या टाकल्या आणि वर ताटात पाणी ठेवलं. गूळ बिरड्यात घालायचाच, पण मी घातला नाही, तो रसात होता. आमसूल दोनच. खोबरं शेवटी. डाव लावायचा नाही, डाळिंबी मोडता कामा नये, नुसतं पातेलं हलवायचं. मी जीव ओतला त्या बिरड्यात. तेवढा जीव मी कशातच ओतला नव्हता.

माझ्या पाठीमागे पडवीत शेवगा मांडला होता. आई खाली ताट धरून बसल्या. धाकटीनं पहिला उंडा घातला, दांड्यावर भार टाकला, आणि काहीच झालं नाही. तिनं पुन्हा टाकला. मग ती दांड्याला लोंबकळलीच. पाय जमिनीवरून सुटले आणि दांडा तरी जागचा हलेना. आई म्हणाल्या, “अगो, तू शेवया गाळत्येस की झोका घेत्येस?” धाकटी खिदळली. मग आई हसल्या. हसताना त्या पदर तोंडाला लावायच्या, पण हातात ताट होतं, तेव्हा खळखळून मोठ्यानं हसल्या. तोपर्यंत उंडा निवला. तो काढून पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला. पुन्हा घातला. आईंनी ताट बाजूला ठेवलं, उठल्या, तिच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले, आणि दोघींनी मिळून दाबलं. चार शेवया पडल्या, त्याही तुटक्या. दोघी अशा ओरडल्या की जणू होडी बुडताना वाचली.

मी चुलीकडे तोंड करून बसले होते. डोळ्यांत धूर गेला होता, असं म्हणू या. इतकी वर्षं आई माझ्या समोर बसल्या, पण आम्ही कधी हसलो नव्हतो. मी दांडा दाबला की शेवया पडत, त्या ताट फिरवत, एक उंडा संपला की दुसरा. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मला काम येत होतं, एवढंच. त्या क्षणी मला धाकटीच्या भुजण्याचा हेवा वाटेनासा झाला आणि तिला दांडा दाबता येत नाही याचा वाटायला लागला. हे कुणाला सांगितलं तर माझी रवानगी देवऋष्याकडे झाली असती.

उरलेल्या शेवया कशाबशा झाल्या. अर्ध्याअधिक आईंनीच दाबल्या, त्या वयात. पानं मांडली. पुरुष बसले. मी परात घेऊन वाढायला निघाले आणि त्यातल्या त्यात धड असलेलं पहिलं वेटोळं दिरांच्या पानात ठेवायला वाकले.

“थांब गो,” आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “त्याला दुसरं वाढ. पहिलं माझ्या पानाला ठेव.”

“पहिलं जाणाऱ्याचं असतं, आई,” मी म्हटलं.

“म्हणूनच सांगते.”

हे पानाकडे बघत राहिले. दीर बायकोकडे बघून हसले. मी ते वेटोळं परातीच्या कडेला सरकवलं आणि पुढे वाढत गेले, कारण पंगत थांबवता येत नाही.

मग आम्ही बायका बसलो. आईंनी शेवया रसात कालवल्या, बिरड्याचा घास घेतला, आणि थांबल्या. पुन्हा घेतला. मी जेवतच नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पातेलं जवळ ओढून स्वतःच्या हातानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाल्या, “असं बिरडं माझ्या सासूच्या हातचं खाल्लं होतं. त्यानंतर आजच.” भुजणं करायला धाकटीला सवड झालीच नव्हती, आणि त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. धाकटीनंही मनापासून मागून घेतलं. ती तशी वाईट नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्यानं काही सोपं झालं नव्हतं.

मी जिंकले होते. आता त्या म्हणतील, छे, हे बिरडं सोडून मी कुठे जाते. मी वाट बघत होते.

आई म्हणाल्या, “कालपर्यंत माझं मन होत नव्हतं हो. म्हटलं, थोरली दांडा दाबेल, घर आवरेल, पण चार माणसं आली तर तिच्या हाताला चव आहे की नाही? सगळं माझ्यावर टाकून बसलेली. आज कळलं, तुझ्यात काही कमी नाही. तुला माझी गरज नाही आता.” मग धाकटीकडे बघून म्हणाल्या, “हिला बघ. साधा उंडा दाबता येत नाही. हिच्याजवळ नको का कुणी?”

मी “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पातेल्यात थोडं बिरडं उरलं होतं, ते मी कोळणीला दिलं.

दुसऱ्या दिवशी खाडीवर गेलो. आई होडीत बसल्या, पदर घट्ट धरून. धाकटीच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेला शेवगा होता. आईंनी सकाळी उठून सांगितलं होतं, हा बरोबर घ्या, हिला शिकवीन तिकडे. थोरलीला काय, सुतार दुसरा करून देईल. होडी सुटताना आई मला म्हणाल्या, “वालाचं पाणी बदलत जा.” मी म्हटलं, बदलीन.

सुताराला मी सांगितलं नाही. ताट फिरवणार कोण? त्या दिवाळीला आई आल्या नाहीत. होळीलाही नाही. गावात माझ्या बिरड्याचं नाव झालं. लग्नकार्यात बोलावणी यायला लागली. मी जायची, डाळिंब्या सोलायची, वाहवा ऐकायची.

पुढच्या मे महिन्यात ती तिघं आली, शेवगा घेऊन. निघायच्या आदल्या दिवशी पडवीत तो मांडला. धाकटी दांड्याशी उभी राहिली, पाय जरा फाकून, खांदा पुढे, अगदी मी उभी राहायची तशी. एका दमात दाबलं. खाली आईंनी ताट फिरवलं. शेवया न तुटता गोल गोल पडत गेल्या. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. बोलायची गरजच नव्हती त्यांना.

मी चुलीशी होते. जेवणं झाली आणि जो तो बिरड्याचं बोलत उठला. धाकटी पदरानं मान पुसत माझ्याजवळ आली आणि जरा घुश्शातच म्हणाली, “वहिनी, तुमचं बरं आहे हो. चुलीशी बसून नाव तुमचं. आमचे दंड जातात आणि शेवयांना कुणी विचारत नाही.”

आई पडवीत शेवग्याची चकती धूत होत्या. “आणा ती इकडे, मी धुते,” असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “राहू दे, आमची दोघींची सवय आहे.”